लिव्हरपूलची गॅलरी आणि साथीचे दिवस

११ मार्च २०२०, बुधवार. जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची साथ आता महासाथ झाल्याचं जाहीर केलं. त्याच संध्याकाळी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात, अ‍ॅनफिल्डच्या मैदानाकडे जाणारे रस्ते नेहमीसारखेच लाल स्कार्फांनी भरून गेले होते. चॅम्पियन्स लीगचा सामना होता, समोर स्पेनचा अ‍ॅटलेटिको माद्रिद. बावन्न हजारांहून अधिक माणसं त्या रात्री खांद्याला खांदा लावून बसली, ओरडली, गायली. त्यांत माद्रिदहून आलेले जवळपास तीन हजार पाहुणे होते. माद्रिदमध्ये त्याच दिवशी शाळांना टाळं लागलं होतं. स्पेनमधले लीगचे सामने प्रेक्षकांविना खेळवायचे, हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. अ‍ॅटलेटिकोच्या चाहत्याला आपल्या गावात संघाचा सामना पाहायला बंदी होती आणि विमानात बसून लिव्हरपूलला जायला मात्र मोकळीक होती.

जादा वेळेत गेलेला तो सामना लिव्हरपूल २-३ असा हरलं आणि स्पर्धेतून बाहेर पडलं. एरवी शहरात महिनाभर त्या गोलांचीच चर्चा झाली असती. या वेळी लोक वेगळंच विचारत होते. दरवाजे उघडे ठेवायचं कोणी ठरवलं? कोणत्या माहितीवर ठरवलं? आणि ती माहिती आम्हाला का दिली नाही?

खेळाच्या चाहत्याने खेळाबद्दल बोलावं, राज्यकारभाराबद्दल बोलू नये, असं म्हणणारे सगळीकडे असतात. लिव्हरपूलमध्ये हे म्हणणं कधीच टिकलं नाही. या शहरात गर्दी, आजार आणि सरकारी शब्दावरचा विश्वास यांचं नातं फुटबॉल क्लब जन्माला येण्याच्या साठ वर्षं आधीपासूनचं आहे.

१८३२ साली पटकीची साथ लिव्हरपूलला पोहोचली. बंदराचं शहर, बोटींतून येणारी-जाणारी माणसं आणि गोदीच्या मागे तळघरांत दाटीवाटीने राहणारे गरीब कामगार. त्या मे-जून महिन्यांत इथे एकामागोमाग आठ दंगली झाल्या. जमावाचा राग साथीवर कमी आणि डॉक्टरांवर जास्त होता. रुग्णाला इस्पितळात नेतात ते मारून त्याच्या देहाची चिरफाड करायला, असं लोक उघड म्हणत होते. या संशयाला आधार होता. सहाच वर्षांपूर्वी, १८२६ मध्ये, याच बंदरावर पिंपांत भरून बाहेर पाठवली जाणारी प्रेतं सापडली होती. शरीरशास्त्राच्या वर्गांसाठी कबरी उकरून पळवलेली प्रेतं होती ती. डॉक्टरांच्या शब्दाला तेव्हा वस्तीत किंमत उरलेली नव्हती. शेवटी कॅथलिक धर्मगुरूंनी चर्चमधून आवाहन केलं, तेव्हा दंगे शमले.

त्याच साथीत किटी विल्किन्सन नावाची एक कामगार बाई पुढे आली. तिच्या घरात पाणी तापवायचा मोठा हंडा होता. तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोग्यांचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण धुवायला आपलं स्वयंपाकघर उघडून दिलं. धुण्यात जंतुनाशक पूड घालून ती कपडे स्वच्छ करून घेई. जंतूंचा सिद्धान्त अजून कोणाच्या गावी नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या कामातूनच १८४२ मध्ये फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुलाईघर सुरू झालं. मग १८४७ उजाडलं. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला होता आणि त्या एका वर्षात सुमारे तीन लाख उपाशी माणसं लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरली. टायफसने शहराला घेरलं. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला शहराने डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना आरोग्य अधिकारी नेमलं होतं. शहराच्या आरोग्यासाठी असा अधिकारी नेमणारं लिव्हरपूल हे ब्रिटनमधलं पहिलं शहर. तळघरांतली राहणी, तुंबलेली गटारं आणि मृत्यू यांचा हिशेब मांडून डंकन यांनी महापालिकेला हलवलं. सार्वजनिक आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे, हे ब्रिटनला शिकवणाऱ्या शहरांत लिव्हरपूल पहिल्या रांगेत होतं.

या शहराचे भारताशीही धागे आहेत. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात सापडला तो सिकंदराबादेत, १८९७ साली. तो शोधणारे रोनाल्ड रॉस दोन वर्षांनी लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत दाखल झाले आणि १९०२ चं नोबेल त्यांना तिथे असताना मिळालं. दुसरा धागा थेट मैदानातला आहे. अ‍ॅनफिल्डच्या एका टोकाच्या गॅलरीला ‘कॉप’ म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियॉन कॉप टेकडीवरून आलं. जानेवारी १९०० मध्ये त्या टेकडीवर बोअर सैन्याशी लढताना शेकडो ब्रिटिश सैनिक पडले. जखमींना स्ट्रेचरवर घालून वाहून नेणाऱ्यांत नाताळमधल्या भारतीयांचं पथक होतं आणि त्याचे पुढारी होते मोहनदास गांधी. १९०६ मध्ये अ‍ॅनफिल्डवर मातीचा उंच चढ रचून प्रेक्षकांसाठी उभं राहायची जागा झाली, तेव्हा एका स्थानिक पत्रकाराने तिला त्या टेकडीचं नाव सुचवलं.

त्या चढावर पिढ्यान्‌पिढ्या गोदी कामगार उभे राहिले. त्यामुळे शहराचं राजकारण मैदानाच्या दाराशी थांबलं नाही. १९९५ मध्ये गोदीतल्या सुमारे पाचशे कामगारांना कामावरून काढलं आणि लढा दोन वर्षांहून अधिक चालला. मार्च १९९७ मध्ये गोल मारल्यावर रॉबी फाउलरने जर्सी वर करून आतला शर्ट दाखवला. त्यावर कामगारांना पाठिंबा होता. युरोपीय फुटबॉल संघटनेने त्याला दंड केला. शहराने तो शर्ट लक्षात ठेवला.

पण लिव्हरपूलचा चाहता सरकारला प्रश्न विचारायला शिकला तो १५ एप्रिल १९८९ रोजी. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपचा उपांत्य सामना होता. पोलिसांनी बाहेरची गर्दी आवरायला एक दार उघडलं आणि माणसं आधीच खच्चून भरलेल्या जाळीबंद कप्प्यांत ढकलली गेली. मृतांचा आकडा शेवटी ९७ वर गेला. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. चारच दिवसांनी ‘द सन’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर दोष चाहत्यांच्या माथी मारला. दारूडे चाहते, मेलेल्यांचे खिसे कापणारे चाहते, असं छापून आलं. ते खोटं होतं. मर्सी नदीच्या काठावरच्या या गावांनी तेव्हापासून त्या वृत्तपत्रावर घातलेला बहिष्कार अजून उठलेला नाही.

सत्य सरकारी कागदांत दडलेलं होतं आणि ते बाहेर काढायला सत्तावीस वर्षं लागली. २००९ मध्ये दुर्घटनेला वीस वर्षं झाली, तेव्हा स्मृतिसभेसाठी अ‍ॅनफिल्ड भरलं होतं. सरकारतर्फे मंत्री अँडी बर्नहॅम बोलायला उभे राहिले. ते स्वतः याच भागातले, शेजारच्या एव्हर्टन क्लबचे चाहते. त्यांचं भाषण चालू असताना कॉपवरून न्यायाची मागणी करणारी घोषणा उठली आणि सगळं मैदान ती देऊ लागलं. बर्नहॅम थांबले, त्यांनी मान डोलावली. त्यानंतर सरकारी कागदपत्रं उघडण्यासाठी स्वतंत्र समिती नेमली गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये तिचा अहवाल आला आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. २६ एप्रिल २०१६ रोजी न्यायचौकशीतल्या ज्यूरीने सांगितलं की हे मृत्यू अपघाती नव्हते, ते बेकायदेशीर होते आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता.

एवढं सगळं पाठीशी असलेला चाहता मार्च २०२० मध्ये अ‍ॅनफिल्डवर होता.

सामन्याच्या आठवडाभर आधी एका पत्रकार परिषदेत लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांना कोरोनाबद्दल विचारलं गेलं. ते चिडले. फुटबॉलच्या प्रशिक्षकाचं या गंभीर विषयावरचं मत महत्त्वाचं कसं, ज्यांना यातलं कळतं त्यांनी लोकांना काय करायचं ते सांगावं, असं ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पण ज्यांना कळत होतं त्यांनी काय सांगितलं? मोकळ्या हवेतल्या मोठ्या गर्दीवर बंदी घातल्याने साथीच्या फैलावात फारसा फरक पडणार नाही, असं सरकारच्या सल्लागारांचं मत त्या दिवसांत सांगितलं जात होतं. सामने बंद केले तर लोक पबमध्ये जमून पाहतील, असाही मुद्दा होता. १० ते १३ मार्चला चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यतींना चार दिवसांत अडीच लाखांच्या आसपास लोक आले. १२ तारखेच्या रात्री आर्सेनलच्या प्रशिक्षकाची चाचणी सकारात्मक आली आणि दुसऱ्या दिवशी प्रीमियर लीगने स्वतःच सामने थांबवले. देशव्यापी टाळेबंदी लागली ती २३ मार्चला.

पुढे आरोग्याच्या आकडेवारीचं विश्लेषण करणाऱ्या ‘एज हेल्थ’ या संस्थेने अंदाज मांडला. अ‍ॅनफिल्डच्या त्या सामन्याशी जवळच्या रुग्णालयांतले ४१ आणि चेल्टनहॅमशी ३७ जादा मृत्यू जोडता येतात, असा तो अंदाज होता. हे आकडे गणिताच्या प्रारूपातून आले आहेत. कोणत्या माणसाला कोणत्या आसनावर संसर्ग झाला, हे कोणी सांगू शकत नाही. पण माद्रिदच्या महापौरांनी स्वतः कबूल केलं की आपल्या शहरातल्या चाहत्यांना जाऊ देणं ही चूक होती. लिव्हरपूलच्या लोकप्रतिनिधींनी चौकशी मागितली. चाहत्यांनीही मागितली.

अशी गर्दी फक्त लिव्हरपूललाच झाली नव्हती. १९ फेब्रुवारीला इटलीत अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांचा सामना झाला होता. अटलांटा हा बर्गामो शहराचा संघ पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत पोहोचला होता. त्याचं मैदान लहान पडलं, म्हणून सामना मिलानच्या सान सिरोवर ठेवला गेला. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीच्या बर्गामोतून आणि भोवतालच्या गावांतून चाळीसेक हजार माणसं मिलानला गेली. महिन्याभरात, १८ मार्चच्या रात्री, बर्गामोतल्या शवपेट्या लष्करी ट्रकांतून बाहेरगावी न्याव्या लागल्या. अटलांटाचे कडवे चाहते तेव्हा शहराच्या प्रदर्शन मैदानावर उभ्या राहत असलेल्या तात्पुरत्या रुग्णालयात कामाला लागले होते. व्हॅलेन्सियातल्या परतीच्या सामन्याची तिकिटं रद्द झाल्यावर मिळालेले पैसे अनेकांनी रुग्णालयाला दिले.

लिव्हरपूलच्या चाहत्यांचं काम तर साथीआधीपासून चालू होतं. २०१५ मध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन प्रतिस्पर्धी क्लबांच्या चाहत्यांनी मिळून अन्न गोळा करायची मोहीम काढली. मधल्या स्टॅन्ली पार्कच्या अलीकडे-पलीकडे तेव्हा या दोन क्लबांची मैदानं होती. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर मोठे डबे ठेवायचे आणि येणाऱ्याने त्यात शिध्याचे डबे, पास्ता, चहा, साबण काहीतरी टाकून जायचं. भुकेला क्लबचा रंग नसतो, हा त्यांचा नारा. ब्रिटनच्या काटकसरीच्या धोरणांनी शहराच्या उत्तर भागातल्या घरांत काय आणलं होतं, ते हे लोक त्या डब्यांतून दर पंधरवड्याला मोजत होते. उत्तर लिव्हरपूलच्या फूडबँकेला मिळणाऱ्या मदतीतला सुमारे चौथा हिस्सा सामन्यांच्या दिवशी जमत असे. सामने बंद पडताच तो हिस्साही बंद पडला. लिव्हरपूलच्या खेळाडूंनी आणि क्लबच्या फाउंडेशनने मिळून ४० हजार पौंड देऊन ती पोकळी भरली.

एप्रिलमध्ये चाहत्यांनी क्लबला सुनावलं. सरकारने टाळेबंदीत पगाराचा ८० टक्के भार उचलायची योजना आणली होती. ती बुडत्या धंद्यांसाठी होती. आदल्या आर्थिक वर्षात ४ कोटी २० लाख पौंडांचा नफा मिळवलेल्या लिव्हरपूल क्लबने ४ एप्रिलला आपले दोनेकशे कर्मचारी या योजनेत टाकले. चाहत्यांच्या ‘स्पिरिट ऑफ शँकली’ या संघटनेने जाब विचारला, जुन्या खेळाडूंनी जाहीर टीका केली. दोन दिवसांत, ६ एप्रिलला, क्लबने निर्णय मागे घेतला आणि माफी मागितली. हीच संघटना २००८ मध्ये मालकांविरुद्ध उभी राहिली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिकीट ७७ पौंडांवर नेण्याच्या विरोधात ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक मैदान सोडून गेले होते आणि मालकांना तोही निर्णय फिरवावा लागला होता. जून २०२० मध्ये शेजारच्या मँचेस्टरमध्ये मार्कस रॅशफर्ड या बावीस वर्षांच्या खेळाडूने खासदारांना जाहीर पत्र लिहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गरीब मुलांचं शाळेचं जेवण थांबवू नका, एवढंच त्याचं मागणं होतं. दुसऱ्या दिवशी सरकार बधलं आणि सुमारे १३ लाख मुलांच्या जेवणाची सोय झाली.

चाहत्यांची बाजू मांडताना त्यांची चूक झाकायचं कारण नाही. २५ जून २०२० रोजी चेल्सीने मँचेस्टर सिटीला हरवलं आणि लिव्हरपूलने तीस वर्षांनी इंग्लंडचं विजेतेपद जिंकलं. लोकांनी घरातच राहावं, असं क्लब, महापालिका आणि पोलिसांनी सांगितलं होतं. तरी त्या रात्री हजारो लोक अ‍ॅनफिल्डबाहेर जमले. दुसऱ्या संध्याकाळी नदीकाठच्या पिअर हेडवर गर्दी झाली आणि फटाक्याने लिव्हर बिल्डिंगच्या सज्जाला आग लागली. ज्यांनी मार्चच्या गर्दीचा जाब सरकारला विचारला, त्यांच्यातलेच काही जूनच्या गर्दीत होते. तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतरचा आनंद समजण्यासारखा आहे. त्याने संसर्गाचा हिशेब बदलत नाही. फरक एवढाच की जूनमध्ये माणसाला धोका माहीत होता आणि निवड त्याची होती. मार्चमध्ये धोका जाणणारे दुसरे होते आणि त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. २२ जुलैला खेळाडूंनी रिकाम्या कॉपवर उभं राहून करंडक उचलला.

पुढे याच शहराने साथीशी लढायचा एक नवा मार्ग आजमावला. ६ नोव्हेंबर २०२० पासून लिव्हरपूलमध्ये लक्षणं नसलेल्या सर्वांसाठी झटपट चाचण्यांची मोहीम सुरू झाली. लष्कराचे सुमारे दोन हजार जवान मदतीला आले. लोक रांगा लावून स्वतःहून नाक-घसा तपासून घेऊ लागले. एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी याच शहरातल्या जमावाने डॉक्टरांवर दगड उचलले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला शहरावरचे निर्बंध सैल झाले आणि ६ तारखेला वुल्व्ह्‌जविरुद्धच्या सामन्याला दोन हजार प्रेक्षक अंतर राखून अ‍ॅनफिल्डवर बसले. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्या मैदानात माणसांचा आवाज आला.

हा प्रश्न आपल्याकडेही तसाच येऊन उभा राहिला होता. मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला भारत-इंग्लंड टी-२० मालिकेचे पहिले दोन सामने प्रेक्षकांसमोर झाले. रुग्ण वाढू लागल्यावर १६ तारखेचा तिसरा सामना आणि उरलेले सामने प्रेक्षकांविना खेळवले गेले. पुण्याजवळ गहुंजेच्या एकदिवसीय सामन्यांना प्रेक्षक येऊ द्यायचे नाहीत, हे महाराष्ट्र सरकारने महिनाभर आधीच ठरवलं होतं. तो निर्णय योग्य होता आणि तो वेळेवर झाला होता, हे एप्रिलच्या लाटेने दाखवून दिलं. त्या लाटेतही आयपीएल रिकाम्या मैदानांवर चालू राहिली आणि खेळाडूंनाच संसर्ग होऊ लागल्यावर ४ मे रोजी थांबली. एकीकडे प्राणवायूसाठी रांगा आणि दुसरीकडे रोज संध्याकाळी सामना, हे पाहून अस्वस्थ झालेल्यांत क्रिकेटचे जिवापाड चाहतेही होते.

लिव्हरपूलपुरता निवाडा करायचा तर तो कठीण नाही. ११ मार्चचा सामना बंद दरवाजांआड व्हायला हवा होता. स्पेनचा निर्णय समोर होता. गर्दी धोक्यात आहे हे माहीत असून दाराचा निर्णय चुकवणं, आणि नंतर त्याची कागदपत्रं मागायला लोकांना लढावं लागणं, हे या शहराने दुसऱ्यांदा पाहिलं.

हिल्सबरोच्या कुटुंबांनी बरीच वर्षं एका कायद्याची मागणी केली आहे. कोणत्याही दुर्घटनेच्या चौकशीत सरकारी अधिकाऱ्याने खरं ते सगळं सांगणं बंधनकारक करावं आणि लपवणाऱ्याला शिक्षा व्हावी, असा तो कायदा. बर्नहॅम यांनी २०१७ मध्ये त्याचं विधेयक संसदेत आणलं होतं; ते पुढे गेलं नाही. कोरोनात माणसं गमावलेल्या कुटुंबांची संघटना नंतर याच मागणीत सामील झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने असं विधेयक संसदेत मांडलं. लोक त्याला ‘हिल्सबरो कायदा’ म्हणतात.